आवाजाचा सालदार

देवमन तायडे माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लागून बसायचा आणि लोकांचे आवाज साफ करायचा. असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, आवाज काय धुणं आहे का साफ करायला? मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं, आणि चांगल्या तोऱ्यात विचारलं होतं. माझा धंदा पेट्या दुरुस्त करायचा. अमरावतीत अंबागेटच्या आत माझं दुकान. भजनी मंडळांच्या, नाटकवाल्यांच्या, शाळांच्या पेट्या माझ्याकडे यायच्या. सूर म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं अशी माझी तेव्हा समजूत होती. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

शेजारचं दुकान ओमप्रकाशचं. लग्नात, सभेत, गणपतीत भोंगे लावून द्यायचे आणि उरल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचे, हा त्याचा व्यवसाय. देवमन त्याच्याकडे अकोल्याहून आला तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेला होता. अंगाने बारीक, बोलणं मोजकं, आणि कान असे की बंद पडलेल्या रेडिओला नुसता कान लावून तो सांगायचा कुठं बिघडलंय. त्याचे वडील पुंजाजी अकोल्याला कापडगिरणीत होते. त्याआधी त्यांनी गावात एका पाटलाच्या शेतात सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेली चाकरी, केली होती. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला आणि त्याच वर्षी पुंजाजींनी सालदारकीला रामराम ठोकून बायकोपोरांसह अकोला गाठलं. म्हातारा हे सांगताना ताठ व्हायचा. आपल्या घरात पुन्हा कोणी साल धरणार नाही, हे त्याचं पालुपद होतं.

साठ-एकसष्टच्या सुमारास ओमप्रकाशने मुंबईहून एक जर्मन टेपरेकॉर्डर आणला, आणि पुढे दुसरा. ताटाएवढी रिळं, तपकिरी फीत, आणि आवाज वाढला की मिटणारा एक हिरवा दिवा. लोक हौसेने आपलं कीर्तन, आपलं भाषण, आपल्या म्हाताऱ्याच्या ओव्या भरून घ्यायला यायचे आणि मग ऐकून हिरमुसायचे. कारण यंत्राला लाज नसते. ते विजेची घूं-घूं भरतं, पंखा भरतं, शेजारच्याचा खोकला भरतं, आणि वक्त्याचं दर वाक्यामागचं 'अं अं' तर आधी भरतं. ही घाण काढायचं काम देवमनने आपणहून शिकून घेतलं. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर आवाज उतरवताना मध्ये त्याने स्वतः जोडलेली एक डबी असायची, तिच्यात घूं-घूं अडकून पडायची. खोकला काढायचा तर रिळं हाताने मागेपुढे फिरवून नेमकी जागा शोधायची. अशी हळू फिरवली की बाईचाही आवाज रेडा हंबरल्यासारखा निघायचा आणि आमची सगळी गल्ली हसायची. जागा सापडली की दाढीच्या पात्याने फीत तिरकी कापायची, खोकल्याचा तुकडा बाजूला टाकायचा, आणि दोन्ही टोकं भिडवून वरून पातळ पट्टी चिकटवायची. तिरकी एवढ्यासाठी, की सरळ कापली तर सांध्यावर 'टक' वाजतं.

मला हा प्रकार फारसा पटायचा नाही. माणूस खोकला तर खोकला, तुझ्या बापाचं काय गेलं, असं मी त्याला म्हणायचो. तो हसायचा आणि पातं पुसायचा. पण एकदा एका रडक्या गवयाची चीज त्याने अशी निवडून दिली की गवई स्वतःच्याच पाया पडायच्या बेतात आला. तेव्हापासून मी गप्प बसलो.

बासष्टच्या उन्हाळ्यात खुशालराव पाटलांना अर्धांगाचा झटका आला आणि देवमनच्या आयुष्याला वेगळीच वाट फुटली.

खुशालराव म्हणजे दर्यापूरच्या अंगाला पिंपळखेड नावाचं गाव आहे तिथले मोठे शेतकरी. स्वतःचं जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. शिवाय गावोगाव शाळा काढणाऱ्या एका संस्थेचे अध्यक्ष. पण त्यांची खरी दौलत म्हणजे आवाज. मी तो ऐकलेला आहे. पारावर उभे राहिले की भोंगा लागायचा नाही. शाळेसाठी वर्गणी मागायला उभे राहिले तर देणारा खिसा आणि न देणारा मान, दोघेही खाली करायचे. त्या माणसाचं तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि शब्द लाळेसारखे ओघळायला लागले. लोकांसमोर असं तोंड घेऊन जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि बोलल्याशिवाय तर राहवत नव्हतं. कोणीतरी त्यांना ओमप्रकाशच्या दुकानातल्या माणसाचं नाव सांगितलं.

देवमन यंत्र घेऊन पिंपळखेडला गेला. जिनाच्या वरच्या खोलीत त्याने भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडक्यांना पोती लावली, आणि खुशालरावांना सांगितलं की एकेक वाक्य पाहिजे तितक्या वेळा म्हणा, चुकलं तरी चालेल. खुशालराव सकाळभर एकच वाक्य म्हणत राहायचे. दहा वेळा म्हटलेल्या वाक्यातून देवमन एका खेपेचा 'शिक्षण' घ्यायचा, दुसऱ्या खेपेचा 'हा', तिसऱ्या खेपेचा 'हक्क', आणि जोडायचा. अडलेला शब्द झटक्याआधी भरलेल्या जुन्या भाषणांच्या रिळांतून आणायचा. महिनाभर खपून त्याने पाव तासाचं भाषण तयार केलं, आणि संस्थेच्या जीपवर भोंगा बांधून ते गावोगाव वाजलं. पाटील बरे झाले, असं लोक म्हणाले. खुशालराव घरी बसून ते ऐकत होते आणि रडत होते, असं देवमननेच मला सांगितलं. सांगताना त्याचेही डोळे भरले होते. त्या दिवशी तो फार सुखात होता हे मी कबूल करतो.

खुशालरावांनी त्याला ओमप्रकाशकडून मागून घेतलं. ओमप्रकाशला जुनं यंत्र चक्क नव्याच्या भावात विकायला मिळालं, तो कशाला नाही म्हणतो. देवमनला जिनाच्या आवारात दोन खोल्यांचं घर मिळालं. मूर्तिजापूरच्या ललिताशी त्याचं लग्न झालं, ती मॅट्रिक होऊन मास्तरकीचं शिकलेली होती, तिला संस्थेच्या शाळेत नोकरी मिळाली. बाकी सगळे सालदार, हमाल, मुनीम खुशालरावांना मालक म्हणायचे. देवमन 'साहेब' म्हणायचा. हा फरक त्याने मुद्दाम ठेवला होता आणि त्याचं त्याला बरं वाटायचं.

तो दर आठवड्याला सामान घ्यायला अमरावतीला येई तेव्हा माझ्याकडे बसून जाई. एकदा आला तो तोंड उतरवून. भाषणात त्याने खुशालरावांची धाप पार काढून टाकली होती. झटक्यानंतर त्यांचा श्वास घरघरायचा, ती घरघर ऐकली की माणूस आजारी आहे हे लगेच कळायचं, म्हणून देवमनने एकूण एक श्वास कापून टाकला. झालं असं की एका गावात पारावर भाषण चालू असताना पार्बताबाई नावाची म्हातारी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हा मानूस एवढं बोलून राहिला अन् दम काहून नाई घेत? पाटील जित्ता हाये का नाई?"

बाई बोलली ते पटण्यासारखंच होतं. आठ दिवसांत अख्ख्या तालुक्यात झालं की खुशालराव कधीच वारले, घरच्यांनी लपवलंय आणि रीळ वाजवून संस्था चालवतायत. खुशालराव संतापले. देवमनने श्वासांच्या जागी कोरी फीत घातली, तर तिथं आवाजाला भोक पडल्यासारखं व्हायचं, यंत्रच बंद पडलं असं वाटायचं. खुशालरावांचा जुना, धडधाकट काळातला श्वास शोधावा तर तो टाळ्यांमध्ये बुडालेला.

मग काय केलंस, मी विचारलं.

"माहाच भरला, भाऊ," तो म्हणाला.

गोधड्यांच्या खोलीत बसून त्याने स्वतःचे श्वास भरले होते. लांब वाक्याआधीचा खोल, छोट्या वाक्यामधला अर्धा, रागाच्या वाक्याआधी नाकातून घेतलेला. आणि ते एकेक कापून खुशालरावांच्या शब्दांमध्ये शिवले होते. पार्बताबाईच्या गावात तेच भाषण परत वाजलं तेव्हा ती म्हणाली, आता बरे दिसतेत पाटील.

मी हसलो नाही. पेटीत भाता मी मारतो आणि सूर दुसऱ्याचा निघतो, तो आमचा धंदाच आहे. पण तो भाता पेटीचा असतो, माझ्या छातीचा नसतो. आणि मला आणखी एक गोष्ट खुपली. ज्या गावांत त्याच्या बापासारख्यांना ओसरीची पायरी चढू देत नव्हते, त्या गावांच्या पारावर आता त्याचा श्वास लोक मान खाली घालून ऐकत होते, पण दुसऱ्याच्या नावाने. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, ऐकतात ना, मग झालं. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकदमच.

त्यानंतरच्या गुढीपाडव्याला सुभद्राबाईंनी, म्हणजे खुशालरावांच्या पत्नीने, त्याला घरात बोलावून शर्टपँटचं कापड दिलं. टेरिलीनचं, तेव्हा नवं आणि महाग. ललिताला लुगडं. देवमनने ते शिवून घातलं आणि माझ्याकडे मिरवत आला. मी जुना वऱ्हाडी माणूस, माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे पाडव्याला सालदाराला मालक कपडे देतो, आणि सालदाराने ते घेतले की पुढच्या पाडव्यापर्यंत तो बांधला गेला. कागद नाही, अंगठा नाही, कपडे हाच करार. हे मी त्याला म्हटलं. त्याला ते ठाऊक नव्हतं असं थोडंच! सालदाराचाच पोरगा तो. पण त्याचं म्हणणं असं की ती रीत नांगर धरणाऱ्याची. यंत्र चालवणाऱ्याला ती लागत नाही. साहेबांनी माया म्हणून दिलं, घेतलं. टेरिलीन कोणी सालदाराला देतो का?

दरवर्षी पाडवा आला आणि दरवर्षी टेरिलीन आलं.

एकदा पुंजाजी लेकाकडे राहायला आले असताना नेमका पाडवा होता. सुभद्राबाईंकडून कापड आलं तेव्हा म्हातारा दारातच बसला होता. त्याने कापडाला हात लावला नाही. सून चहा घेऊन आली तो घेतला नाही. पिशवी उचलली आणि भर उन्हात बसस्टँडकडे निघाला. देवमन मागे धावला. म्हातारा एवढंच म्हणाला, "मी साल सोडलं, तू धरलं. माह्यापरीस तुह्यं वाईट. मी हातपाय देत होतो."

हे मला देवमनने सांगितलं तेव्हा तो बराच वेळ माझ्या दुकानातल्या एका मोडक्या पेटीच्या पट्ट्या उगाच दाबत बसला होता. मी म्हणालो, सोड आणि परत ये, ओमप्रकाश घेईल. तो म्हणाला की साहेबांना आता दुसऱ्या कोणाचं जोडलेलं चालणार नाही. शिवाय घर त्यांचं, ललिताची नोकरी त्यांची. शिवाय नुकतीच मुलगी झालेली, ती पुढे जाईल ती शाळाही त्यांचीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. उपकाराची दोरी अशी असते की तिला गाठ कुठं आहे तेच सापडत नाही. दांडगा मालक असता तर देवमन शिव्या देऊन केव्हाच निघाला असता. खुशालराव त्याच्याशी कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. सुटायची वाट तिथंच बंद झाली होती.

मग पासष्ट सालच्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत एक गोष्ट घडली. नागपूरच्या आकाशवाणीचे एक इंजिनिअर जत्रेतली भजनं भरून घ्यायला आले होते. संस्थेचा भोंगा तिथं लागला होता आणि खुशालरावांचं भाषण चालू होतं. इंजिनिअरसाहेब थांबून ऐकत राहिले. हे जोडलेलं आहे हे त्यांना कळलं, पण सांधे सापडेनात. त्यांनी देवमनला शोधून काढलं, त्याची डबी उघडून पाहिली, आणि सांगितलं की केंद्रावर तंत्रज्ञाची जागा आहे, जानेवारी संपायच्या आत येऊन परीक्षा दे. त्यानंतर तुझं वय निघून जाईल. दिल्ली सरकारच्या नोकऱ्यांत बौद्ध लिहिलं की अनुसूचित जातींची वयाची सवलत मिळत नव्हती, आणि जुनी जात लिहिणं तायड्यांच्या घरात शक्य नव्हतं.

देवमन त्या दिवशी पिंपळखेडला न जाता आधी माझ्याकडे आला. इतका बोलताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. स्टुडिओ म्हणजे काय असतो, भिंतींना गोधड्या नाहीत तर बुचाचे तक्ते असतात, तिथं एका खोलीत चार यंत्रं असतात. मी त्याच्यासाठी जिलबी मागवली. माणसाला एकदाच दार उघडं दिसतं, देवमन, मी म्हणालो, आता मागे पाहू नकोस.

त्याने मागे पाहिलं. खुशालरावांना विचारायला गेला. न विचारता निघाला असता तर ही गोष्ट मी सांगत बसलोच नसतो. खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या ओघळत्या बोलण्यात, पण रागावून नव्हे, म्हणाले, "जाजो ना बावा. पन पाडवा होऊ दे. मंधात साल सोडून कोनी जाते काय?"

तो शब्द ऐकून देवमनच्या अंगावरचं टेरिलीन कसं टोचलं असेल ते त्याचं तोच जाणे. पाडव्यापर्यंत वय निघून जाईल, असं तो म्हणाला. खुशालराव म्हणाले, पाहू. दोन दिवस दे, पाहू.

ते दोन दिवस पुरे व्हायच्या आत त्यांना दुसरा झटका आला. जीव वाचला. डावा हात आणि डोळे शाबूत राहिले. वाचा पूर्ण गेली. ओघळतेसुद्धा शब्द गेले.

आता हे प्रकरण कसं अडलं पाहा. मोकळा करणारा एकच माणूस, आणि त्याच्या तोंडून 'हो' निघणार नाही आणि 'नाही'ही निघणार नाही. इकडे संस्थेच्या लोकांनी देवमनला घेरलं, की आता तर साहेबांचा आवाज फक्त तुझ्याजवळ आहे, जुन्या रिळांतून शब्द काढ आणि संक्रांतीचं भाषण तयार कर. सुभद्राबाई गोड बोलणाऱ्या बाई. त्या ललिताला म्हणाल्या की तुझी कायमची नेमणूक याच वर्षी करायची आहे, देवमनले सांग, आता आमाले सोडू नको. ललिता घरी येऊन म्हणाली की नेमणूक गेली खड्ड्यात, मी अकोल्याला धुणीभांडी करीन, तुमी नागपूरले जा. अकोल्याहून पुंजाजी आले. त्या घराच्या दारात ते पुन्हा पाय ठेवणार नव्हते, म्हणून जिनाच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी लेकाला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, साल-बिल काही राहिलं नाही आता, कायदा झाला, राज्य आपलं आहे, गाडीत बस.

कोणीच त्याला धरून ठेवलेलं नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. आणि तरी तो हलेना. मी त्याला मूर्ख म्हणालो. त्याहून वाईट शब्दही वापरले, ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला की साहेबांनी 'पाहू' म्हटलं होतं. 'पाहू' म्हणजे नाही नव्हे. त्यांचं उत्तर अर्धं राहिलं आहे, ते पुरं झालं की मी निघतो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, रविवारी माझ्यासोबत पिंपळखेडला चला, साल चार लोकांसमोर सुटतं, साक्षीला एक तरी माणूस पाहिजे. त्याने एक वाक्य जोडलं होतं. खुशालरावांच्या सगळ्या रिळांतून शब्द वेचून. गोधड्यांच्या खोलीत वाक्यं म्हणताना मधेच त्यांनी त्याला हाका मारल्या होत्या, त्यांतलं नीट निघालेलं एक 'देवमन'. पोरांना शाळेत जा म्हणून सांगितलं होतं, त्यातलं 'जा'. कुठल्या भाषणात मनं मोकळी करायची होती, त्यातला अर्धा शब्द.

मी म्हणालो, मेलेल्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा तसं आहे हे.

"फसवाचं नाई, भाऊ," तो म्हणाला. "त्यायले सांगूनच लावतो, का हे मी जोडलं. त्यायनं मान हालवली का झालं."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. खुशालराव ओसरीवर खाटेवर होते, पाठीला लोड लावून बसवलेले. एवढा धिप्पाड माणूस, आता अंगरख्यात नुसती हाडं होती. सुभद्राबाई उशाशी बसल्या होत्या. देवमनने यंत्र त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं, जमिनीवर बसला, आणि हात जोडून सगळं समजावून सांगितलं. साहेब, हे तुम्ही म्हणाला नाहीत. मी जोडलं आहे. पटलं तर मान हलवा, नाही पटलं तर हात वर करा. दोन्ही मला मान्य आहे. खुशालराव त्याच्याकडे पाहत होते. कळत होतं त्यांना, डोळे अगदी जागे होते.

देवमनने कळ फिरवली.

"देवमन," खुशालराव म्हणाले. तो जुना आवाज. मला माहीत असूनही मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग एक श्वास आला, भरदार, सावकाश. मग, "तू आता मोकळा आहेस. नागपूरला जा. माझा आशीर्वाद आहे."

त्यात कुठं सांधा नव्हता. बोलणाऱ्याने पोटातून म्हटलं होतं असंच कोणीही सांगितलं असतं. सुभद्राबाईंनी पदर तोंडात धरला. मी खुशालरावांच्या मानेकडे पाहत होतो. मान हलली नाही. ओठ हलले. वाकडे, ओले ओठ आपल्या आवाजामागून शब्द चाचपत होते. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि हवेत उलटं गोल फिरवलं, रीळ फिरतं तसं.

देवमनने परत लावलं. देवमन, तू आता मोकळा आहेस. खुशालरावांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वाक्य संपलं तसं देवमनने विचारलं, "जाऊ काय, साहेब?"

बोट उलटं फिरलं.

त्याने परत लावलं. परत विचारलं. बोट परत फिरलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "काय म्हनतेत ते राहू दे, देवमन. आवाज त त्यायचा आहे. किती दिसानं बोलून राहिले. लाव." मग देवमनने विचारणं सोडून दिलं. तो नुसता रीळ मागे घ्यायचा आणि लावायचा, आणि त्या ओसरीवर खुशालराव त्याला जा, जा म्हणत राहिले, आणि त्यांचा डावा हात यंत्राच्या झाकणावर असा ठेवलेला होता, की तो बाजूला केल्याशिवाय यंत्र उचलता आलं नसतं.

माझा धीर सुटला. मी खाली वाकून देवमनच्या कानात म्हणालो, ऊठ, त्या माणसाला काही कळलेलं नाही, त्याला फक्त स्वतःचा आवाज ऐकायचा आहे, तू चल.

देवमनने माझ्याकडे पाहिलं नाही. "कळलं त्यायले, भाऊ," तो म्हणाला. "म्हनूनच त पुना लाव म्हनून राहिले."

आणि त्याने रीळ मागे फिरवलं. दुपारच्या गाडीने मी एकटाच अमरावतीला परत आलो.